किसनकाकांची तीन बोटं

वारंगा फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. लोडशेडिंगच्या काळात तिथं आमी दोन वर्षं एक भलतीच मशीन बनवत बसलो होतो. किस्से इतके साचलेत की मी सांगायला लागलो की बायको चहा ठेवून आत निघून जाते. म्हणते, "तुमच्या त्या मोटारींचं ऐकलं की हातपाय गार पडतात माझे!"

मशीन काहून, ते आधी ऐका. हट्टा गावचे किसनकाका, नक्षीकामात त्यांचा हात धरणारं कुणी न्हाई. वस्तीवरच्या बुद्धविहाराचं दार त्यांनी मनापासून करायला घेतलेलं. डाव्या फळीवर पिंपळाची पानं कोरून झाली, अन् उजवी सुरू करायच्या आधीच कटरनं उजव्या हाताची तीन बोटं नेली. काकांनी बोलणंच टाकलं. दार अर्धंच राहिलं म्हणून माणूस आतून खचला होता. मग मी अन् कॉम्प्युटर क्लासवाला राठोड, दोघांनी ठरवलं. कॉम्प्युटरनं कोरणारी मशीन घरीच बनवू, पण दार पुरं करू.

*

मोटारी आणल्या भंगारातल्या झेरॉक्स मशीनच्या. स्टेपर म्हणतात त्यांना. गरगर फिरत न्हाईत, एकेक पाऊल टाकत फिरतात.

राठोड एकीचा दांडा बोटांनी फिरवत होता. मी सहज तिच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. दांडा एकदम जड झाला, आतून कुणी धरल्यासारखा!

"करंट न्हाई, काही न्हाई. मग धरून कोण राहिलं?" राठोडनं मोटार टेबलावर टाकली.

*

दुसऱ्या दिवशी दोन मोटारींच्या वायरी एकमेकींना जोडल्या. ही हातानं जोरात फिरवली तर टेबलावरची ती आपोआप फिरली. भर दुपारी, लाईट नसताना! याचं कारण पुस्तकात हाय, मी वाचलंय. पण कोपऱ्यातून आवाज आला, "बहिणी हायेत त्या."

काका! रोज दुकानात येऊन बसायचे, पण बोलले ते कित्येक महिन्यांनी.

*

खरी तकलीफ ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे मोटारीला मोजून करंट देणारी पाटी. कमी दिला तर मोटार पावलं चुकवते, जास्त दिला तर जळते. अन् मोटारींवरचे करंटचे आकडे पुसून गेलेले. आमचं मीटर रोज वेगळंच सांगायचं.

मी ड्रायव्हरचा स्क्रू फिरवत होतो, तेवढ्यात काका कळवळले, "कमी कर रे, भाजून राहिलं!"

"काय भाजतंय काका?"

"मधलं बोट."

मधलं बोट तर नव्हतंच! मी मोटारीला हात लावला. चर्रकन चटका बसला.

तीन मोटारी, तीन बोटं. मीटर ठेवून दिलं. काका डोळे मिटून बसायचे, मी स्क्रू फिरवायचो. "बस. बराबर हाय," म्हणाले की मोटार एक पाऊल चुकायची न्हाई.

*

राठोडला हे काही पटेना. त्यानं काकांना समोरच्या हॉटेलात बसवलं अन् इकडं गुपचूप एका मोटारीची वायर काढली.

दोन मिनिटांत काका दारात. "काहून काढली रे? बोट मेल्यावानी झालं!"

राठोड त्या दिवशी जेवला न्हाई.

*

शेवटी मशीन उभी राहिली अन् उजवी फळी तिच्यावर चढली. पानामागून पान उतरत होतं, काका श्वास रोखून बघत होते. शेवटच्या पानाचं टोक राहिलं, अन् लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, ड्रायव्हर बंद. दुकानाला कुलूप लावून आमी तिघं चहाला गेलो.

काकांच्या डाव्या हातात ग्लास. उजवा मांडीवर. तो हळूहळू सरकत होता. मी राठोडकडं पाहिलं, राठोडनं माझ्याकडं.

हात थांबला. काका हसले.

"झालं."

"काय झालं, काका?"

"टोक."

किल्ली माझ्याच खिशात होती. लाईट अजून आली नव्हती. कुलूप काढलं. पान पुरं झालं होतं, टोकासकट!

राठोड दारातच बसला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. "फुंकर मार रे जरा. भुसा चिकटलाय."

बोटं नव्हती, तिथं मी फुंकर मारली. भुसा उडाला!