सकारण मत द्या

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यातली शिक्षिका काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. दुकानाच्या पाटीवर ‘ताजि भाजी’ लिहिलेलं दिसलं की त्यांच्या पिशवीतून खडू निघायचा. सगळी इमारत त्यांना ‘बाई’च म्हणायची, खरं नाव फार तर पोस्टमनला माहीत असेल. हाताखालून गेलेल्या मुलांना आता टक्कल पडलं होतं, तरी रस्त्यात बाई दिसल्या की ती शर्ट खोचायची. आणि खोचणारच, कारण बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला एक गुण वाढवून दिला नव्हता. एका गुणाने नापास म्हणजे नापास. मग त्या मुलाची आई येऊन रडो, नाहीतर स्वतः बाईंना रात्रभर झोप न येवो.

जगात बाईंना न घाबरणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर दोघी चौथ्या मजल्यावर एकत्र राहत होत्या आणि सकाळी चहापासून आनंदाने भांडत होत्या. वन्सं बोलक्या. गप्पांशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पूर्वी रोज संध्याकाळी त्या अंगणातल्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसायच्या. पण लिफ्ट बंद पडली, वन्संचे गुडघे आधीच बंद पडल्यातच जमा होते, आणि त्या वरच अडकल्या. आता त्या गॅलरीत उभ्या राहून वरून बोलायच्या. खालच्या मैत्रिणींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कुणाची सून काय म्हणाली हे अख्ख्या इमारतीला कळायचं. लोक हसायचे. बाईंना मात्र ते गॅलरीतलं उभं राहणं बघवत नसे.

लिफ्टचं काम इमारतीच्या अध्यक्षांचं, आणि अध्यक्ष होते घड्याळजी. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान, तोंडात साखर, आणि कुठल्याही तक्रारीवर एकच उत्तर: “बघू या.” या दोन शब्दांवर माणूस वर्षानुवर्षं निवडून येत होता. हे कसं होतं ते शोधायला बाई एकदा घरोघर फिरल्या. एकाने घड्याळजींना मत दिलं होतं, कारण त्यांनी गजराचं घड्याळ फुकट दुरुस्त केलं. दुसऱ्याने दिलं, कारण त्यांचं नाव वर होतं. तिसऱ्याला वाटलं होतं की मतदान फाटकाच्या रंगासाठी आहे. बाईंनी कपाळाला हात लावला.

पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि दोन गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. या वेळी अध्यक्षपदाला त्या स्वतः उभ्या राहणार; आणि मतदानाआधी लेखी परीक्षा होणार. इमारतीचा कारभार ज्याला कळतो त्यानेच मत द्यावं. गाडी चालवायला परीक्षा लागते, मग इमारत चालवायला का नको, असा त्यांचा सवाल होता. निम्म्या लोकांना बाईंचं म्हणणं पटलं, उरलेल्यांची बाईंसमोर बोलायची छाती झाली नाही. घड्याळजी म्हणाले, “बघू या.” ठराव पास झाला.

घरी मात्र ठराव पास होईना. वन्संनी साफ सांगितलं की शाळेत असतानाच परीक्षेने त्यांचा जीव नकोसा केला होता, या वयात पुन्हा ते दुखणं नको. बाईंनी शिकवणी घेऊन पाहिली. कोरम म्हणजे काय, राखीव निधी म्हणजे काय. वन्संना कोरमला जांभई आली आणि राखीव निधीला डोळा लागला.

“वन्सं, नापास झालात तर तुमचं मत जाईल. मला काही करता येणार नाही.”

“नको करूस. इतकी वर्षं मत देतेय मी, कधी कुणी विचारलं नाही तुला काय येतं म्हणून. आता घरच्याच माणसाने विचारलं.”

त्या दिवशी जेवताना दोघी बोलल्या नाहीत. त्या घरात ही मोठीच घटना होती. पण नियम तो नियम.

परीक्षा झाली. लोक पेन्सिलींना टोक करून आले. कर भरणारी, नातवंडं असलेली माणसं एकमेकांच्या पेपरात डोकावताना पकडली गेली. वन्संचा पेपर दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सने वर नेला आणि समोर बसून लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई लाल पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या.

शेवटचा प्रश्न त्यांच्या खास आवडीचा. पाठांतर करणाऱ्यांना त्या कधीच मानत नसत, म्हणून स्वतःच्या विचाराला निम्मे गुण ठेवायची त्यांची जुनी पद्धत. प्रश्न असा होता: ‘इमारतीच्या कारभाराविषयी सकारण मत द्या.’

आणि लोकांनी मत दिलं होतं. पहिल्या पेपरात लिहिलं होतं, ‘घड्याळजी. कारण हसून बोलतात.’ दुसऱ्यात, ‘बाई. कारण भीती वाटते.’ तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्यांत तेच. कारभाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मत द्या म्हटल्यावर गुपचूप चिठ्ठीत लिहायचं ते सगळ्यांनी नाव-सहीनिशी बाईंच्या हातात आणून दिलं होतं. प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहिलं तर सगळ्यांना शून्य, आणि शून्य दिलं तर जवळजवळ सगळी इमारत नापास.

गठ्ठ्याच्या तळातून वन्संचा पेपर निघाला. कोरमपाशी कोरी जागा. निधीपाशी कोरी जागा. ‘अध्यक्षाचं कर्तव्य काय?’ यापुढे एकच शब्द होता, ‘लिफ्ट’. आणि शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘माझं मत घड्याळजींना. कारण आमची ही अध्यक्ष झाली तर दिवसभर खाली भांडत बसेल. लिफ्ट होईल, पण मग वर माझ्याशी कोण बोलणार?’

लाल पेन बाईंच्या हातात तसंच राहिलं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्यांनाच तो नको होता. नियमाप्रमाणे वन्सं नापास होत होत्या आणि बाईंच्या विरोधातलं एक मत आपोआप कमी होत होतं. शिवाय कुणी नावंही ठेवली नसती. बाईंनी डोळे पुसले, आणि हा हिशेब सुचलाच कसा म्हणून त्या स्वतःवरच रागावल्या.

सभेत त्यांनी निकाल सांगितला: सगळे पास. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाई म्हणाल्या की यात मेहेरबानी काही नाही. प्रश्नच चुकीचा असला तर त्याचे गुण सगळ्यांना द्यायचे, हा परीक्षेचा जुना नियम आहे. आणि शेवटचा प्रश्न चुकीचा होता. “चूक माझी आहे. मताला गुण देता येत नाहीत,” इतकं बोलून त्या खाली बसल्या. पेपर त्यांनी आधीच फाडून टाकले होते.

वन्संना दोघा तरुणांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. ठेवणीतले कपडे घालून त्या मिरवणुकीत निघाल्यासारख्या आल्या आणि आपली चिठ्ठी डब्यात टाकली. नर्सने चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. घड्याळजी एका मताने निवडून आले.

एका मताने निवडून येणं हे घड्याळजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांची झोप उडाली. ‘बघू या’ म्हणायला तोंड उघडलं की समोर बाई दिसायच्या. महिन्याच्या आत लिफ्टवाला आला, आणि घड्याळजी स्वतः त्याला स्क्रू-ड्रायव्हर देत उभे राहिले.

लिफ्ट सुरू झाली त्या संध्याकाळी दोघी तिच्यातून पहिल्यांदा खाली निघाल्या. लिफ्ट हळू होती, त्यामुळे बोलायला वेळ मिळाला. बाई म्हणाल्या, झालं ना तुमच्या मनासारखं, घड्याळजी आले की नाही निवडून.

“कुठलं माझ्या मनासारखं?” वन्सं म्हणाल्या. “मी चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं होतं.”

“आणि पेपरात?”

“पेपरात तू माझं मत विचारलंस, ते सांगितलं. मत द्यायची वेळ आली तेव्हा तुला दिलं. तुला केवढी हौस होती, मला दिसत नव्हतं का?”

बाईंनी मनात हिशेब केला आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता लिफ्टच्या भिंतीला टेकल्या. वन्सं विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं.

“माझं मत मी घड्याळजींना दिलं, वन्सं.”

वन्संनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“सकारण?”

“सकारण,” बाई म्हणाल्या, आणि तळमजला आला तेव्हा त्यांनी वन्संचा हात धरला.