उरलेला एक शब्द

रावसाहेब साळव्यांची प्रार्थना ऐकायला माणसं नेरूळहून कोपरखैरण्याला यायची. मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. रविवारी शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, बाकं आपणच लावायची आणि उपासना संपली की आपणच ती वर्गात नेऊन ठेवायची. त्या हॉलमध्ये रावसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की पोरंसोरंसुद्धा चुळबूळ थांबवायची. मंडळीचे ते पंच. ‘हे दयाळू बापा’ एवढं त्यांनी म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेच. हा माणूस रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, दिवसभर नट-बोल्टांत बुडालेला. पण देवाशी बोलताना त्याची जीभ लोण्यासारखी मऊ व्हायची.

त्यांची बायको केशरबाई तिसऱ्या रांगेत बसायची आणि प्रार्थनेतल्या एका जागेची वाट बघायची. ‘तू मला दिलेली सहचारिणी केशर, तिला बळ दे.’ आठवड्यातून एवढं एकदाच नवऱ्याच्या तोंडून तिला आपलं नाव ऐकायला मिळायचं, तेही देवाला सांगताना. घरी तिला एकच शब्द होता, ‘गप’.

आता कुणी भलतंसलतं समजू नये. रावसाहेबांनी बायकोवर कधी हात उचलला नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात. पण भाजी काय करू विचारलं की ‘गप’. भावाच्या लग्नाला माहेरी जाऊ का म्हटलं की ‘गप’. त्यांची एकुलती एक मुलगी मैत्री बारावीला नापास झाली, तिची बाजू घ्यायला आईने तोंड उघडलं, तर ‘गप’. आवाज चढवायची गरजच पडायची नाही. केशरबाई चेहऱ्यापुढे हात धरून मान वळवायची, जणू कुणी काहीतरी फेकून मारलंय. तेवीस वर्षांत ती सवय अंगात मुरली होती. कुणाला सांगणार, आणि काय? ‘आमचे हे मला गप म्हणतात’ एवढंच? लोक हसले असते.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये रावसाहेब कारखान्यातच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. सतरा दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले, त्या संध्याकाळी पाळक जयप्रकाश चार-पाच जणांना घेऊन भेटायला आले. खाटेभोवती बसून गीत झालं, प्रार्थना झाली.

“पंचसाहेब, आमेन म्हणा,” पाळक खाली वाकून म्हणाले. “नुसतं आमेन. प्रभू शक्ती देईल.”

रावसाहेबांनी ओठ जुळवले. कपाळावरची शीर फुगली. सगळे कान देऊन बसले, आणि स्वच्छ, ठणठणीत शब्द बाहेर आला.

“गप.”

पाळकांनी वाकलेली मान वर केली. मग एक बाई म्हणाली, “दमलेत बिचारे.”

“झोप आलीया त्यान्ला,” केशरबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

डॉक्टरांनी तिला समजावलं. या आजारात सगळी भाषा जाते, पण कधीकधी एखादा शब्द उरतो. बहुतेक जन्मभर तोंडात बसलेला. “कामावरचा असेल,” डॉक्टर म्हणाले. केशरबाईने मान डोलावली.

पाणी हवं असलं तरी ‘गप’, कूस बदलायची तरी ‘गप’. मैत्री लग्न होऊन नगरला होती, ती दोन दिवस येऊन गेली. निघताना चपला घालत म्हणाली, “आई, हे तर काहीच बदलले नाहीत गं.” केशरबाईला पोरीचा राग आला. खोटं बोलली असती तर आला नसता.

मग तिने हट्टच धरला. मनात जे साठवाल तेच जीभ बाहेर काढेल, असं रावसाहेबच हॉलमध्ये सांगायचे. मग दर रविवारी त्यांच्या तोंडून ‘केशर’ निघायची, ती काय मंडळीला दाखवण्यापुरती? की आत कुठे खरंच तिला जागा होती? तिला एवढंच कळायला हवं होतं. रोज अंग पुसून झालं की ती समोर बसायची.

“म्हना. के-शर.”

“गप.”

“आवं, पुन्हा. के-शर.”

चार महिने हेच चाललं. रावसाहेबांना दरदरून घाम फुटायचा, डोळे भरून यायचे. ते पाणी पश्चात्तापाचं की आजाराचं, हे तिला काही केल्या ओळखता येत नव्हतं.

ऑगस्टमधली एक दुपार. वीज गेलेली, तीन रात्री तिला धड झोप नव्हती. ती मऊ भात भरवत होती. रावसाहेबांनी तोंड बाजूला केलं आणि भात नुकत्याच घातलेल्या चादरीवर सांडला. त्यांच्या घशातून काहीतरी आवाज निघू लागला. तुटक, घासत येणारा. केशरबाईचं लक्ष चादरीवर.

“गप!” ती म्हणाली.

आवाज चढवायची तिलाही गरज पडली नाही. अगदी त्यांच्याच स्वरात शब्द आला, तेवीस वर्षं आत बसून होता तसाच.

रावसाहेबांनी डावा हात चेहऱ्यापुढे धरला आणि मान वळवली.

हातातला चमचा तसाच राहिला. तेव्हा कुठे तिला आठवलं, तो आवाज ‘ग’चा नव्हता. ‘के’ होता? की नुसताच कण्हण्याचा? तिने त्यांचा हात खाली घेतला, गालाला हात लावला, विनवण्या केल्या. “म्हना वं, चुकलं माझं, म्हना.” त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यानंतर त्यांच्या तोंडून कुठलाच शब्द आला नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, मनात खोट नसेल त्यानेच घ्यायचं. पाळकांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, “नवऱ्याच्या सेवेत झिजणाऱ्या आमच्या भगिनी केशरबाईंसाठी, त्यांच्या प्रेमळ अंतःकरणासाठी.” बायकांनी वळून पाहिलं. इतक्या आठवड्यांनी हॉलमध्ये पुन्हा तिचं नाव घेतलं गेलं होतं, आणि आता ते तिला ऐकवेना. भाकरीचं तबक आलं, मागून द्राक्षरसाचे पेले आले. तिने दोन्ही तसंच पुढे दिलं.

“घेतलं नाही?” शेजारची बाई कुजबुजली.

“नको.”

पेले पुढच्या बाकाकडे गेले. बाकं उचलायलाही ती थांबली नाही. घरी येऊन डोक्यावरचा पदर न काढताच खाटेशी बसली.

“म्हना,” ती म्हणाली. बराच वेळ वाट बघून पुन्हा म्हणाली, “आवं, गप तरी म्हना.”

रावसाहेब भिंतीकडे बघत राहिले.