पिशवीतले दहा त्रिकोण

बेंबळीजवळच्या शाळेत मी दहावीला गणित शिकवत होते. संभाव्यतेच्या धड्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून मी दहा त्रिकोण केले होते: दोन समभुज, तीन समद्विभुज, पाच विषमभुज. न बघता पिशवीतून एक काढायचा. काढण्याआधी सांगायचं, समभुज निघण्याची संभाव्यता किती?

"दहात दोन," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली आणि तिनं पिशवीत हात घातला.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. त्या पंधरवड्यात तो चौथ्यांदा येत होता. आधी लांबून ट्रॅक्टर आल्यासारखा वाटायचा, मग पायांखाली घुमायचा. पण त्या दिवशी तो थांबेचना. खिडकीची तावदानं थडथडायला लागली.

"बाहेर! दप्तरं राहू द्या!"

मैदानात मी मुलं मोजली. एकतीस. हजेरी बत्तीसची होती.

मी परत वर्गात पळाले. ती मुलगी बाकाखाली गुडघ्यावर बसून सांडलेले त्रिकोण गोळा करत होती.

"मॅडम, एक सापडंना."

मी तिच्या दंडाला धरून तिला ओढतच बाहेर आणलं. आम्ही पायरी उतरतोय तोच मागं काहीतरी धपकन पडलं आणि दारातून धुळीचा लोट आला.

मुख्याध्यापक तोवर म्हणत होते, "रोजचंच हाय की हे, मॅडम. पोरं उगं भेतील." धूळ बसल्यावर ते दारापर्यंत गेले, पुढच्या बाकावर पडलेला गिलाव्याचा थर बघितला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग गावातल्या समाजमंदिरात भरू लागला. तपासायला माणसं आली, भिंतींचे फोटो काढून गेली. आवाज कशाचा, ते कुणीच सांगितलं नाही. बोअरचं पाणी मात्र आठवडाभर गढूळ येत राहिलं.

समाजमंदिरात पहिल्याच तासाला त्या मुलीनं त्रिकोण सतरंजीवर मांडले. नऊच होते.

"एक समभुज आतच राह्यला. म्हंजे आता नवात एक. व्हय ना, मॅडम?"

"बरोबर."

तिनं मान वर केली. समाजमंदिराच्या स्लॅबकडं बराच वेळ बघत राहिली.

"आन् हे पडायची किती?"

पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं, जमिनीखाली काय आहे ते नव्हतं. मी मुलांना सतरंजी उचलून दाराजवळ घ्यायला सांगितलं.