आरशावरचं कुंकू

पोलादपूरच्या आमच्या शाळेतली दुर्बीण जुळवायला तो महाडच्या एमआयडीसीतून यायचा. तिथे तो फिटर, इथे हौशी. एक डोळा मिटून, नळीत बघत तासभर स्क्रू पिळत बसायचा. कधीही विचारा, उत्तर एकच, "केसभर राह्यलाय, सर." पण त्याने आरसे जुळवले की शनीची कडी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसायची.

दसऱ्याच्या पाटीपूजनात मुख्याध्यापक साहेबांनी दुर्बीणही मांडली. त्याने ती नुकतीच जुळवली होती. साहेबांनी उघड्या नळीत टाकायला हळदकुंकवाची चिमूट उचलली, तसा त्याने नळीच्या तोंडावर हात धरला.

"आत आरसा हाय, सर. चरे पडतील. मला लावा कुंकू, त्याला नको."

"देवाच्या कामात आडवा येतोस?" साहेबांनी त्याचा हात झटकला आणि चिमूट आत टाकली.

तळाचा आरसा काढून त्याने पाण्याखाली धरला, परत बसवला आणि एक डोळा मिटून पहिल्या स्क्रूपासून सुरुवात केली.

माझा संताप अजून गेलेला नाही. साहेबांना मी मनातल्या मनात काय काय सुनावलंय! विज्ञान मी शिकवतो. आणि त्या दिवशी पूजेचं ताट माझ्याच हातात होतं.