ऊसवाले शेअर, टोमॅटोवाले शेअर

शेअरच्या ग्रुपमध्ये नफा जमो न जमो, किस्से मात्र जमतातच! आमच्या ओतूरच्या ग्रुपचं दुसरं वर्ष सरलं. नफ्याचं विचारू नका, किस्से सांगते.

बंगळूरची नोकरी सोडून मी गावी आले ती डोक्यात एक खूळ घेऊन. आपल्या माणसांना शेअर बाजार समजलाच पाहिजे! कांतीशेठच्या कापड दुकानाच्या माडीवर दर रविवारी वर्ग सुरू केला. फी नाही.

पहिले विद्यार्थी नाना, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. म्हणाले, "म्याडम, हिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे हायेत. डॉक्टर म्हनले, दोन-तीन वर्षं थांबलं तरी चालंल. तवर जरा वाढले तर बरं."

काकूंना भीमाशंकरच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरायच्या होत्या. बाकी काही मागणं नव्हतं.

* * *

'ब्लू चिप' म्हटलं की माडीवर जांभया सुरू व्हायच्या. मग मला सुचलं. फळ्यावर ऊस आणि टोमॅटो काढले.

"जुन्या, भक्कम कंपनीचा शेअर म्हणजे ऊस. सावकाश वाढतो, पण वाढतो. नव्या, हवेतल्या कंपनीचा शेअर म्हणजे टोमॅटो. लागला तर लागला!"

माडी खडबडून जागी झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "राजुरीच्या माझ्या साडूनं बंगला बांधला तो उसावर नाय, टोमॅटोवर!"

सगळे हसले. मीही हसले. तो फळा तेव्हाच पुसायला हवा होता.

* * *

तरी नानांनी माझं ऐकलं. साबण करणाऱ्या एका जुन्या कंपनीचे शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी घरातला साबण बदलला!

काकूंनी नवी वडी हातात धरून विचारलं, "कंपनीचे मालक ना तुमी? मग इकत का आनली?"

वर्षभरानं डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, आला. नानांनी माडीवर पेढे वाटले. कांतीशेठ हळूच म्हणाले, "नाना, डिव्हिडंडपेक्षा पेढे महाग पडले की!"

"पडू द्या, शेट! एसटीनं कदी बसून पगार दिला नाय!"

* * *

आता माझा किस्सा. बॅटरीच्या एका नव्या कंपनीचे थोडे शेअर मी गंमत म्हणून घेतले होते. सहा महिन्यांत तिप्पट झाले.

एका रविवारी फळ्यावर 'धोका' हा शब्द लिहून मी मोबाइल सगळ्यांना दाखवला. "फक्त माहितीसाठी हं!"

मोबाइल माडीभर फिरला. फळ्याकडे कुणी पाहिलं नाही. नानांकडे तो जरा जास्तच वेळ राहिला.

* * *

पुढच्या महिन्यात नानांचा फोन आला. "म्याडम, सर्किट लागलंय म्हनत्यात. वायरमन लागंल का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. ती थट्टा नव्हती. नानांनी सगळा साबण विकून बॅटरी घेतली होती. मला न विचारता. विचारायचं काय, मीच तर दाखवली होती!

रविवारी माडीवर कांतीशेठनी त्यांना समजावलं, "नाना, लोअर सर्किट म्हणजे विकायला सगळे उभे, घ्यायला कुणीच नाही. रोज भाव एक पायरी खाली."

नानांनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "टोमॅटो असता तर रस्त्यावर वतून तरी आलो असतो, शेट!"

त्या दिवशी कुणीच हसलं नाही. माझे शेअर मी पंधरा दिवस आधीच विकले होते. तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

* * *

मागच्या सोमवारी काकूंनी हट्टच धरला, भीमाशंकरला जायचं. ऑपरेशनचा विषय घरात निघत नव्हता. नाना, काकू आणि मी निघालो.

पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले आले. काकूंनी हात हलवून त्यांना परत पाठवलं आणि वरच्या पायरीवर बसकण मारली.

"जावा तुमी," त्या नानांना म्हणाल्या. "माज्याबी वाटचं पाया पडा. आन् द्येवाला शेअरचं काय इचारू नका!"

नाना एकटेच उतरू लागले. मी काकूंशेजारी बसले. त्या गुडघे चोळत खाली उतरणाऱ्या नानांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, त्या साबनाचा भाव आज काय हाय गं?"

मी मोबाइल काढला, पाहिला.

"रेंज नाही, काकू."

स्क्रीनवर रेंजच्या चारही दांड्या उभ्या होत्या.