खरी ताई, खोटी ताई: नाताळच्या सुट्टीत माकुणसार

“मला शालूला भेटायचंय. फोनवर नको, समोर बसून,” आईने जाहीर केलं आणि माझ्या गोव्याच्या बेताचे बारा वाजले.

शालू म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. पालघरजवळ माकुणसारला तिची वाडी आहे. गेल्या दिवाळीत तिला फोन आला होता: तुमच्या ताईला अपघात झालाय, दवाखान्यात भरती करायचंय, लगेच पैसे पाठवा. घराची कौलं बदलायला साठवलेले सगळे पैसे मावशीने पाठवून दिले. ताई, म्हणजे माझी आई, तेव्हा नाशिकला आमच्या स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, धडधाकट! नंतर भावकीत मावशीचं इतकं हसं झालं की बिचारी मिटूनच गेली. तासन्तास गप्पा मारणारी बाई आईचा फोन आला की म्हणायची, “बरी हाय. ठेवते.” आईला वाटायचं, ही माझ्यावर रुसली. मावशीच्या मनात काय होतं, ते कुणालाच कळत नव्हतं.

तर निघालो, मावशीला न कळवता. कळवलं असतं तर नको म्हणाली असती. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता. घाट सुंदर, खड्डेही भरपूर. पहाटे निघा, जव्हारला थांबून चहा-भजी खा आणि गाडीत पाणी ठेवा.

पहिला मुक्काम समुद्रावर, चिंचणीला. सुट्टीच्या दिवसांत खोल्यांच्या नावाखाली फसवणारे बोकाळतात, म्हणून माझी पद्धत सांगते. फोटोंवर भाळायचं नाही. मालकाला व्हिडिओ कॉल लावायचा आणि म्हणायचं, “दादा, जरा फाटकापर्यंत चालत जा, मला रस्ता दाखवा.” खरा माणूस हसत हसत दाखवतो. खोट्याची लगेच रेंज जाते. आमच्या मालकाने तर फाटकच काय, कोंबड्यासुद्धा दाखवल्या. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून तीन हजार, आगाऊ फक्त पाचशे. रात्री ताजे बोंबील असे कुरकुरीत तळलेले, की आई म्हणाली, “आता माहेरी आल्यासारखं वाटलं.”

सकाळी गावामागून सूर्य वर येत होता आणि मी, शहाणी, पाण्यात उभी राहून आईचे फोटो काढत होते. एक लाट आली. आई वाचली, फोन गेला! बाहेर काढला तर मख्ख. मावशीच्या वाडीचा रस्ता त्यातच. मावशी आता गावातल्या जुन्या घरी राहत नाही, आणि आईने वाडीतलं घर पाहिलेलंच नाही. आईचा फोन कुठाय? नाशिकला, चार्जिंगला लावलेला.

“नंबर पाठ आहे मला,” आई म्हणाली. बहिणीचा तेवढा एकच.

बोईसरला चहाच्या टपरीवर एक कामगार रात्रपाळी संपवून चहा पीत होता. आईने त्याच्याकडे फोन मागितला. त्याने आम्हाला नीट न्याहाळलं. “माताजी, बुरा मत मानना, फोन हाथ में नहीं दूँगा. नंबर बोलिए, मैं लगाता हूँ.” शाब्बास रे पठ्ठ्या, म्हटलं. अनोळखी माणसाला मदत करायची तर अशी करावी. त्याने स्पीकर लावला आणि फोन आमच्यासमोर धरला.

“मावशी, मी सुजाता. अगं, माझा फोन पाण्यात पडला, म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून...”

“मेल्यांनो, परत आलात?” मावशी कडाडली. “मागच्या टायमाला ताईला दवाखान्यात घातलात, आता फोन पाण्यात घातलात? लाज नाय वाटत?” कट.

माझा चेहरा बघून तो कामगार हसू दाबत होता. त्याने पुन्हा लावला. या वेळी आई बोलली, “शालू, मी बोलते गं.”

“आवाज पन काढायला लागलात?” मावशीचा आवाज मात्र कापत होता. “माझ्या ताईचा आवाज?”

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती खमकी. नाशिकची बोली बाजूला पडली आणि बाई थेट माहेरच्या बोलीत शिरली. “मी नाय वाटत ना तुला? मग इचार. काय इचारायचं ते इचार.”

मग मावशी म्हणाली, “लग्नाच्या दिशी ताय सासरी जाताना पायात काय घातलेलं?”

“काय नाय. अनवाणी गेले. तू माझी चप्पल लपवलीस, मी जाऊ नये म्हणून.”

आधी नुसता हुंदका ऐकू आला. मग, “कुठं हायस तू? नाश्ता केलास काय?”

कामगाराने फोन अजून तसाच धरला होता. तो दुसरीकडे बघत होता. चहाचे पैसेही त्याने देऊ दिले नाहीत.

पालघरवरून केळव्याच्या रस्त्याला लागलो. पुढे, फोनवर सांगितलेल्या वळणावर, मावशी रस्त्यावरच उभी, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. चप्पल घालायचं भान कुणाला होतं? दोघी एकमेकींना बिलगल्या. मी गाडी रस्त्यातच सोडून रडत होते, मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

जेवायला उकडहंडी होती. थंडीतल्या शेंगा आणि कंद मडक्यात घालून, वाफेवर शिजवलेले. जेवता जेवता आईने विचारलंच, “अगं वेडे, पैसे पाठवण्याआधी मला एक फोन करायचास!”

“केलेला. तीन टाईम. तू उचलला नाय.”

त्या दिवशी करंज्या करताना आईचे हात पिठाचे होते, फोन बाहेरच्या खोलीत होता.

“मंग वाटलं,” मावशी पानाकडे बघत म्हणाली, “खोटं असंल तर पैसे जातील. खरं असंल तर ताय जाईल.”

या विषयावर मी मावशीला केवढी व्याख्यानं दिली होती. आईने आपल्या पानातला घास उचलून तिला भरवला.

दुसऱ्या दिवशी पालघरला पोलिसांकडे जाऊन तक्रार नोंदवली. फसवणूक झाल्या झाल्या, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येतात, असं तिथल्या बाईंनी समजावलं. मावशीचे पैसे परत येण्याची आशा कमीच. पण लाजेने गप्प बसू नका हो, कुणीच. घरच्यांनी हसू नका. आणि घरच्या घरी एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फक्त आपल्याच माणसाला येईल.

निघताना आईने विचारलं, “चप्पल टाकलेलीस तरी कुठं?” “आपल्या माहेरच्या इहिरीत,” मावशी म्हणाली.

आता हे मी लिहिलं, म्हणजे तो प्रश्न फुटला. म्हणून दोघींनी नवीन ठरवलाय. मलासुद्धा सांगत नाहीत. रोज संध्याकाळी माकुणसारहून फोन येतो, आई आतल्या खोलीत जाते, दार लोटते आणि हळूच काहीतरी उत्तर देते. मग तासभर तिचं हसणं ऐकू येत राहतं.