अर्धी गोळी

आमच्या कारखान्यात लघवी तपासायची पद्धत नंतर आली. त्याआधी मास्तर होते.

मास्तर म्हणजे आमचे फोरमन. पाळी सुरू व्हायच्या आधी ते दाराशी उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी फालतू विचारायचे. "काय रे, काल काय जेवलास?" "मुलीचा दात पडला का?" उत्तराशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. ते आवाज ऐकायचे, डोळे बघायचे आणि हात बघायचे. कुणाचं चित्त ठिकाणावर नाही असं वाटलं की म्हणायचे, "आज मशीनला हात लावू नकोस. बोल्ट निवड." कोपऱ्यात एक पिंप होतं, त्यात सगळ्या मापांचे बोल्ट एकत्र. दिवसभर बसून ते वेगळे करायचे. संध्याकाळी मास्तर ते सगळे पुन्हा पिंपात ओतून द्यायचे, उद्या कुणाला तरी लागतील म्हणून!

दारू होती, भांडण होतं की पोर तापानं फणफणलं होतं, मास्तर विचारायचे नाहीत आणि कुठे लिहायचेही नाहीत. चेष्टा मात्र पोटभर व्हायची. एक नवरदेव वेल्डर लग्नानंतर सलग तीन दिवस बोल्ट निवडत होता. त्याला आता जावई आलाय, तरी आम्ही त्याला सोडत नाही.

मी क्रेन चालवते. वर छताखालच्या केबिनमध्ये बसून आठ आठ टनांचे गिअर उचलायचे आणि खाली माणसं वावरत असताना अलगद ठेवायचे. मास्तर मला घार म्हणायचे. "घारे, झोपलीस का वर? हळू सोड!" नवरा अपघातात गेला तेव्हा मी जवळजवळ महिनाभर बोल्ट निवडले. मग एक दिवस मीच त्यांना सांगितलं, की डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे, रोज रात्री अर्धी.

"सकाळी डोकं जड असतं?"

"नाही."

"मग घरचं घरी ठेव. मला तुझे हात दिसतायत."

संपला विषय. मी पुन्हा वर चढले.

पुढे मालक बदलले आणि नशेसाठी लघवीची तपासणी सुरू झाली. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून चार नावं काढायची. कुणी लघवीत पाणी मिसळू नये म्हणून संडासातल्या नळाला कुलूप, भांड्यात निळं पाणी, कपाला उष्णता दाखवणारी पट्टी आणि दाराबाहेर नर्स. आमचे म्हातारे फिटर सहा ग्लास पाणी पिऊन बसले तरी काही होईना. आतून ओरडले, "बाई, जरा लांब उभ्या राहा हो, मला लाज वाटते!" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मला हसू नाही आलं ते त्यांच्या फॉर्मचं. कुठली औषधं घेता, कधीपासून, कशासाठी? अरे, माझ्या उशाशी काय असतं ते तुम्हाला कशाला हवं? आणि झोपेची गोळी घेणाऱ्याला क्रेन नाही, भट्टी नाही, असा नियम. मी तो रकाना कोरा ठेवला. नशिबानं माझं नाव कधी निघालं नाही.

त्याच वर्षी काकू गेल्या, मास्तरांच्या बायको. मास्तर दाराशी उभे राहायचे, पण डोळे लाल, प्रश्न तोच दोनदा. सगळ्यांना बसवणाऱ्या माणसाला बोल्ट निवडायला बसवणार कोण? मीच एकदा विचारलं. म्हणाले, "झोपच येत नाही गं."

आमच्याकडे गोळी म्हणजे सुपारीसारखी. कुणाचं डोकं दुखलं, कुणाची कंबर धरली, की ज्याच्या खिशात असेल त्यानं काढून द्यायची. मी माझ्यातली अर्धी तोडली. ते नको नको म्हणत होते, मीच मागे लागले.

दुसऱ्या दिवशी आले ते हसतच. "घारे, सात तास झोपलो! स्वप्नसुद्धा नाही." इतकं बरं वाटलं मला. अकरा वाजता चिठ्ठ्या काढल्या, त्यात मास्तरांचं नाव निघालं.

चार दिवसांनी निकाल आला, लघवीत झोपेची गोळी सापडली. डॉक्टरांचा कागद दाखवा, नाहीतर गोळी कुणी दिली ते सांगा, म्हणजे ताकीद देऊन सोडू. नाहीतर नोकरी गेली. निवृत्तीला सात महिने राहिले होते. मास्तरांनी तोंडातून ब्र काढला नाही.

मी धावत खाली उतरले. "मी सांगते साहेबांना."

"गप्प बस," ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "पोरगी कितवीत आहे तुझी?"

"चौथीत."

"मग? वर जा. गिअर लटकतोय."

दोन दिवस मी वर जात राहिले. तिसऱ्या दिवशी मन घट्ट केलं आणि थेट ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं बसायला सांगितलं.

"मास्तरांबद्दल बोलायचं होतं," मी म्हटलं.

"ते काल लिहून देऊन गेले. बायकोच्या औषधांतली उरलेली गोळी घेतली म्हणे. मी म्हटलं, बाईंची दवाखान्याची फाईल आणा, काहीतरी करू. तर म्हणाले, तिचं आजारपण मी कुणाला दाखवणार नाही." साहेबानं पेन उघडलं. "तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. कागद अजून इथेच आहे, निर्णय फिरवता येईल."

ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. मग पोरीचा चेहरा समोर आला, वरची केबिन समोर आली, आणि माझी हिंमतच मेली.

"नाही, काही नाही," मी म्हटलं. "मास्तरांची शेवटची पाळी कधी, तेवढंच विचारायला आले होते."

"आजचीच," साहेब म्हणाला आणि त्यानं पेन बंद केलं.